पाण्याचा उतार

पाण्याला वाट काढून देण्यात माझी सारी नोकरी गेली. आमच्या खात्याच्या भाषेत त्याला 'निचरा' म्हणतात. रस्ता असो, शाळेची इमारत असो की बसस्थानक, शेवटी प्रश्न एकच असतो: पडलेले पाणी घालवायचे कुठे? पाणी साचले की लोक शिव्या देतात. निघून गेले की ते कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मीही कधी विचारले नाही. विचारले ते निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी, परक्या देशातल्या एका बागेत बाकावर बसल्याबसल्या.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. ती कॅलिफोर्नियात आयर्वाइनला असते. आमच्यासारख्या आईवडिलांचा तिकडचा दिनक्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. सकाळी फेरी मारायची, दुपारी नातवाला शाळेतून आणायचे, संध्याकाळी फोनवर बेळगावचा पाऊस विचारायचा. जूनची पहिली तारीख उलटली, तसे माझे मन इकडे धावू लागले. इकडे अनगोळच्या घरासमोर ओल्या मातीचा वास सुटला असेल, आणि तिकडे महिनोन्‌महिने थेंब नाही. समुद्राकाठी मात्र त्या दिवसांत सकाळी आभाळ भरून येते. थेट श्रावणासारखे. पाहणाऱ्याला वाटावे, आता कोसळणार. पण दुपारपर्यंत सगळे विरून जाते आणि पुन्हा कोरडे ऊन पडते. तिकडचा पाऊस हिवाळ्यातला, आणि तोही वर्षाकाठी तेरा-चौदा इंच. गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे एकशेवीस इंचांच्या आसपास पडतो, हे जावईबापूंना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे, मी गप्पा ठोकतो आहे अशा नजरेने पाहिले. ते विदर्भातले.

एका शनिवारी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या पहाटे लवकर उठा. ओहोटी मोठी आहे. तुम्हाला लागुना बीचला नेते."

अर्ध्या तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर. डोंगर संपले की एकदम समुद्र येतो. लागुना बीच हे चित्रकारांचे गाव. तिथल्या चित्रकारांनी १९१८ मध्ये आपली संस्था काढली, आणि आजचे तिथले कलासंग्रहालय तिच्यातूनच वाढले. त्या संग्रहालयाच्या बाजूनेच सुरू होते हाइस्लर पार्क. कड्याच्या माथ्यावरून समुद्राला समांतर जाणारी लांबट बाग. माड नव्हेत, पण माडाच्याच कुळातली उंच झाडे, गुलाबांचे ताटवे, बाके, एका बाजूला गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ. त्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतले म्हातारे-म्हाताऱ्या लाकडी गोळ्यांसारखे चेंडू घरंगळवत खेळतात म्हणे; आम्ही गेलो तेव्हा फारच पहाट होती. कड्याखाली खडकाळ किनारा, आणि ओहोटीने उघडे पडलेले खडक.

ते खडक पाहिले आणि माझ्या पोटात कसेसेच झाले. त्याचे कारण सांगायचे तर पस्तीस वर्षे मागे जावे लागेल.

१९८८ साली मी उत्तर कन्नड जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका गावी साहाय्यक अभियंता होतो. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. गावाच्या टोकाला जांभ्याचा एक उघडा सडा होता, थेट समुद्रावर झुकलेला. तिथे बाग करावी असे वरच्यांच्या मनात आले. मुलांसाठी घसरगुंडी, झोपाळे, मावळतीकडे तोंड करून बाके. अंदाजपत्रक मी केले, आणि काम मोठ्या हौसेने केले. सडा सपाट करून वर दीड फूट माती घातली. बाहेरून गवताचे गालिचे मागवले. कडेला दगडी भिंत घातली. एका कोपऱ्यात शौचालये आणि हात धुण्याची सोय केली. सगळ्या बागेला समुद्राच्या बाजूने उतार दिला आणि भिंतीतून नऊ इंची सिमेंटचा पाइप खाली खडकांवर काढला. उतार असा बिनचूक साधला होता की पहिल्या पावसात तळहाताएवढेही पाणी बागेत साचले नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

एक गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही, ती आज सांगतो. शौचालयाच्या टाकीला शोषखड्डा मूळ अंदाजपत्रकात होता. पैसे कमी पडू लागले तेव्हा तो गाळला. टाकीचे वरचे पाणी त्याच नऊ इंची पाइपाला जोडले. मोजमापाच्या वहीत त्या कामाखाली सही माझी आहे.

त्या खडकांवर गावातल्या काही बायका ओहोटीला कालवे काढायला जात. हातात लहानशी कोयती, कमरेला पिशवी. बाग होऊन दीड-दोन वर्षे झाली असतील. एक दिवस त्यांच्यातली एक वयस्कर बाई कचेरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सायबा, तुमचे बागेचें उदक आमच्या फातरांचेर येता. कालवां मेलीं."

मी माझ्या मोडक्या कोकणीत हसत म्हणालो, "बाये, दर्या केदो व्हड! इतकुश्या उदकान कितें जातलें?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "दर्या व्हड, सायबा. फातर ल्हान."

आणि गेली. मी फायलीत डोके घातले. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली.

हाइस्लर पार्कच्या कठड्याशी उभा असताना ते वाक्य मला जसेच्या तसे आठवले. कोकणी शब्दांसकट.

पायऱ्या उतरून आम्ही खडकांवर गेलो. खडकांतल्या खळग्यांत पाणी राहिले होते आणि एकेका खळग्यात एकेक गाव नांदत होते. हिरवी समुद्रफुले पाकळ्या पसरून बसलेली, बोट जवळ नेले की मिटणारी. शिनाण्यांचे काळेभोर झुबके. खडकाला टोपीसारखे चिकटलेले शंख. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे. नातू हरखून गेला. त्याने एक रिकामा शंख उचलला आणि खिशात घातला. तोच निळी टोपी घातलेल्या एक आजीबाई जवळ आल्या. त्या तिथल्या स्वयंसेविका. त्या खाली बसल्या, त्याच्या डोळ्यांशी डोळे नेले, आणि इतकेच म्हणाल्या की हे घर कुणाला तरी लागणार आहे. नातवाने शंख परत ठेवला. २०१२ च्या १ जानेवारीपासून तो किनारा सागरी अभयारण्य आहे. तिथून मासा, शिंपला, शंख काहीच न्यायचे नाही.

नातू आणि मुलगी पुढे गेली. मी त्या बाईंशी बोलत राहिलो. मी इंजिनिअर होतो म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. म्हणाल्या, लोक इथे येऊन मासे विचारतात, गटारे कुणी विचारत नाही. मग त्यांनी वर कड्याकडे बोट दाखवले.

कॅलिफोर्निया राज्याने १९७० च्या दशकातच आपल्या किनाऱ्यावरचे काही तुकडे विशेष जीवसंपदेचे म्हणून ठरवले. आज असे चौतीस आहेत, आणि त्यांत या बागेखालचा समुद्र आहे. नियम साधा होता: या पाण्यात सांडपाणी सोडायचे नाही. नियम कागदावर आला. पण वर गावे वसलेली, रस्ते झालेले, आणि त्यांचे शेकडो नळ-नाले त्याच पाण्यात उतरलेले. नियमही होता आणि नळही होते. कित्येक वर्षे दोघे शेजारी शेजारी सुखाने नांदले. हे ऐकून मला, खरे सांगतो, थोडे बरे वाटले. असे फक्त आपल्याकडेच होते, अशी माझी समजूत होती.

मग या शतकाच्या पहिल्या दशकात या बागेचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले. बाग जुनी झालीच होती, कडाही ढासळत होता. पण नुसती बाके बदलून आणि रंग देऊन भागवले नाही. बागेत येणारे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, इथून विचार सुरू केला. आणि पहिली गोष्ट हाताला लागली ती ही की, ज्या देशात आठ-आठ महिने पाऊस नाही, तिथे गटारे मात्र बारा महिने वाहतात. ते पाणी हिरवळीवरच्या फवाऱ्यांचे. कुणी गाडी धुतली त्याचे. कुणी अंगण धुतले त्याचे. त्या पाण्याबरोबर गवताचे खत येते, कीटकनाशक येते, कुत्र्यांची घाण येते, रस्त्यावरचे तेल येते. गाड्यांच्या ब्रेकमधून झिजलेले तांबेसुद्धा येते. पाण्यातल्या जिवांना ते तांबे इतके घातक, की ब्रेकमधले तांबे कमी करण्यासाठी त्या राज्याने २०१० साली कायदा केला. वर ओतलेले पाणी नुसते गटारातूनच जाते असेही नाही. ते कड्यात मुरते, आतून माती सैल करते आणि एक दिवस कड्याचा लचका खाली येतो. ती माती खडकांवर बसते आणि खळग्यांतले जीव गुदमरतात.

आम्ही वर आलो. आता मी ती बाग इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहू लागलो. कड्याच्या काठाला गवत नव्हते. करड्या-हिरव्या, खरबरीत पानांची बुटकी झुडपे होती. त्याच किनाऱ्यावर आपसूक वाढणारी, उन्हाळाभर पाणी न मागणारी, मुळांनी माती धरून ठेवणारी. दिसायला अगदी साधी. आमच्या सड्यावर चाळीस दिवसांचे पीक म्हणून जी रानफुले येतात, त्यांचा अभियंते जसा 'गवत-झुडूप काढून साफ करणे' असा एका ओळीत निकाल लावतात, तशांतली. रस्त्याकडेच्या गटारांच्या तोंडाशी, हे पाणी समुद्राला जाते, अशी सूचना असते. आणि सर्वांत महत्त्वाचे जे होते, ते डोळ्यांना दिसतच नव्हते. त्या शहरात ठिकठिकाणी नाल्याच्या शेवटच्या टोकाशी जमिनीखाली एक अडसर केलेला आहे. कोरड्या दिवसांत नाल्यातून येणारे पाणी तिथे अडते आणि मैलापाण्याच्या वाहिनीत वळते. तिथून शुद्धीकरण केंद्रात जाते. पाऊस सुरू झाला की ही वाट बंद करतात, कारण तेवढे पाणी त्या वाहिनीला पेलणार नाही. मग ते सरळ समुद्रात जाते. म्हणून तिकडे पावसानंतर तीन दिवस समुद्रात उतरू नका असे आरोग्य खाते सांगते.

गोष्ट एवढीच. त्यात काही मोठे यंत्रशास्त्र नाही. मी ते १९८८ सालीही करू शकलो असतो. उतार उलटा द्यायचा होता.

तरी परदेशातले पाहून आले की इकडे येऊन 'तिकडे बघा' म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. त्यांची गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू नाही. त्यांच्याकडे पावसाचे गटार आणि मैल्याचे गटार वेगळे. आपल्याकडे एकाच उघड्या गटारात दोन्ही. त्यांचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे आषाढातल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. त्या लोंढ्याला कसला अडसर घालणार? आणि तिकडेही सगळे गोड झाले असे नाही. २०१३ पासून त्या सबंध किनारपट्टीवर, मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत, तारामाशांना रोग लागला. अंग झडून ते लाखोंनी मेले. त्यात या बागेचा दोष नव्हता आणि बागेला ते थांबवताही आले नाही. त्या निळ्या टोपीच्या बाईंना मी विचारले, मग एवढे करून उपयोग काय झाला? त्या म्हणाल्या, "निदान आम्ही त्यात भर घालत नाही."

हे उत्तर मी बरोबर घेऊन आलो.

बेळगावला परतलो आणि डिसेंबरात, कुणाला न सांगता, सकाळच्या गाडीने त्या गावी गेलो. खरे तर हिला सांगितले होते. ती म्हणाली, "आता या वयात काय उकरून काढताय?" आणि डब्यात दशम्या बांधून दिल्या.

बाग होती. झोपाळे नवे होते, भिंतीला नवा रंग होता. गवत मात्र तेच, आणि माळी नळी सोडून बिडी ओढत बसलेला. मी भिंतीच्या कडेने खाली उतरलो. गुडघे कुरकुरत होते. पाइप जागेवर होता. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी त्यातून बोटभर धार चालू होती. पाइपाखालचा खडक पंख्यासारखा हिरव्या शेवाळाने माखलेला, आणि वास. तो वास कशाचा हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या हिरव्या पट्ट्यात एकही कालव नव्हते. पन्नास-साठ पावलांवर, जिथे ते पाणी पोचत नव्हते, तिथे खडकाला जुन्या कालवांच्या पांढऱ्या कवचांचे नुसते ठसे होते आणि थोडी जिवंत होती.

दर्या मोठा, खडक लहान. आता कुठे मला त्या बाईच्या बोलण्याचा अर्थ कळत होता. समुद्र अथांग असला, तरी कालवे काही अथांग समुद्रात राहत नाहीत. ती राहतात भरती आणि ओहोटी यांच्यामधल्या काही हातांच्या पट्ट्यात. त्या पट्ट्याला गोड्या पाण्याचा सततचा मारा सोसत नाही. खत आणि मैला आला की शेवाळ माजते, माती आली की कालवांच्या पिलांना चिकटायला जागा उरत नाही. एवढ्या मोठ्या समुद्रातली नेमकी तीच चिंचोळी जागा मी पाइपासाठी निवडली होती.

नगरपंचायतीत एक तरुण अभियंता भेटला. माझ्या मुलीहून लहान. मी त्याला सगळे सांगितले, शोषखड्ड्याचेही. तो अवघडला. निवृत्त माणूस आपण होऊन आपली चूक सांगायला येतो, हा प्रकार त्याला नवा असावा. म्हणाला, "सर, फाइल आता सापडणार नाही." मी म्हणालो, "फाइल नको. मला नकाशा तोंडपाठ आहे." त्याच्याच टेबलावर कागद घेऊन काढून दिला. पावसाळ्यातले पाणी अडवता येणार नाही, ते राहू दे. पण आठ महिने कोरडे आहेत. टाकीचे पाणी पाइपातून तोडा आणि बागेच्या गावाकडच्या बाजूला शोषखड्डा करा. जांभा आहे, पाणी पितो. तोही काही आदर्श उपाय नव्हे, पण खडकावर सोडण्यापेक्षा बरा. भिंतीलगतचे दहा फूट गवत काढा, सड्यावरचे जे येईल ते येऊ द्या. नळी सकाळी अर्धा तास, बस्स.

तो म्हणाला, पाहतो. हे 'पाहतो' मी स्वतः हजारदा म्हटलेले आहे, त्यामुळे मी फारशी आशा ठेवली नाही. तीनदा गेलो. पत्रे लिहिली. मध्ये निवडणुका आल्या. मध्ये त्याचे लग्न झाले. मला पत्रिका आली. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. शोषखड्डा झाला होता. गवत मात्र काढू देत नव्हते. लोकांना हिरवळ हवी असते.

मी गेलो. पाइपात हात घालून पाहिला. तळाशी ओल होती, धार नव्हती.

खडकांवर एक बाई होती. चाळिशीतली, कमरेला पिशवी. मी त्या जुन्या बाईची खूण सांगून चौकशी केली. ती तिची सून निघाली. सासू वारून बारा वर्षे झाली होती. मी कोण, ते तिला सांगितले. पाइपाचेही सांगितले. रागावेल असे वाटले होते, पण ती रागावली नाही. पाइपाकडे पाहत तिने विचारले, "मागीर कालवां आतां येतलीं?"

येतील, असे म्हणणे सोपे होते. पण याच खडकावरच्या पाण्याबद्दल, त्यातले काहीच ठाऊक नसताना, मी एकदा छातीठोक बोललो होतो. म्हणून म्हणालो, "म्हाका खबर ना, बाये. पळोवया."

तिने मान डोलावली आणि पलीकडच्या खडकांकडे गेली, जिथे थोडी उरली होती. मी पुन्हा एकदा पाइपात हात घालून पाहिला आणि वर चढू लागलो. आता जून येईल, पाऊस येईल, पाइप पुन्हा वाहील. ऑक्टोबरात तो कोरडा होतो की नाही, हे पाहायला जायचे ठरवले आहे. ही दशम्या बांधून देईल.